तारांची झीज

सूरसंग्रहालयातल्या क्षिप्राने अलेशू सरांची गिटार यंत्राखाली ठेवली. "तारेची झीज वाचून हे यंत्र तिच्यावर आजवर जे जे वाजलं ते पुन्हा ऐकवतं," ती म्हणाली. "तारा सरांच्याच आहेत ना?"

फर्डिनने गिटारची रिकामी पेटी उगाच बंद केली. अलेशू सर जॅझ-ब्लूज वाजवत ते नुसत्या अंगठ्याने, आणि त्यांचा सूर दुलईसारखा उबदार, तरीही स्वच्छ निघे. तारा त्यांनी अकरा वर्षं बदलल्या नव्हत्या. "मुरल्यात त्या. हात लावशील तर बघ," असा दम ते फर्डिनला भरत. सर गेले, इथून बोलावणं आलं, आणि गिटार चार लोकांत नीटनेटकी दिसावी म्हणून या पट्टशिष्याने कालच नव्या कोऱ्या तारा चढवल्या. जुन्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

"सरांच्याच," तो म्हणाला.

यंत्राने इमानेइतबारे वाचलं. खोलीभर पत्र्यासारखा थंड, करकरीत सूर घुमला. काल तारा जुळवताना फर्डिनने स्वतः वाजवलेली ओळ होती ती.

क्षिप्राने सरांना कधीच ऐकलं नव्हतं. तिने डोळे मिटून मान डोलावली.

"काय हात होता हो सरांचा!" ती म्हणाली, आणि त्या सुरावर तिने अलेशू सरांचं नाव कायमचं कोरलं.