शब्दही लिहा

पवनानगरच्या आदिनाथच्या गुलाबांच्या पॉलिहाऊससाठी माधवी ऑर्डरच्या सॉफ्टवेअरचे रंग ठरवत होती. "काहींना लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही. नुसत्या रंगावर विसंबू नका, शब्दही लिहा," असं तिनं बजावल्यावर तो "व्हय मॅडम" म्हणाला होता.

ती पुण्याहून आली की तो तिच्यासमोर एक लालभडक गुलाब ठेवायचा. ती मन लावून स्क्रीनवरचा लाल त्याच्याशी जुळवून बघायची, आणि आदिनाथ मनातल्या मनात कपाळाला हात लावायचा.

शेवटी न राहवून त्यानं गुलाबाच्या देठाला लेबल बांधलं. "तुमीच म्हणला व्हता, शब्दबी लिवा." लेबलावर होतं, ‘लग्न कराल का?’

माधवीनं मान खाली घालून काहीतरी टाइप केलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.



स्क्रीनवर एकच हिरवंगार बटण होतं, आणि त्यावर शब्दही होता: ‘व्हय’.