उचलून दाखव

"कोणी हात लावायचा नाही," तिने मुलाला दटावलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हं. पडा आता."

घड्याळजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, काठी भिंतीला टेकवली आणि न्हाणीघराच्या दारासमोर, मागच्या वेळी पडले होते बरोबर तिथेच, ते सावकाश आडवे झाले. दुकान बंद करून किती वर्षं झाली, तरी लोक त्यांना घड्याळजीच म्हणत. जन्मभर स्टुलावर बसून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. गजराच्या घड्याळाहून जड वस्तू या माणसाने कधी उचलली नाही, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

"बाबा, अंग सैल सोडायचं," मुलगी म्हणाली. "आईला मदत करायची नाही. त्या दिवशी कुठे केली होतीत?"

त्या दिवशी खरंच केली नव्हती. पाय घसरून ते पडले आणि काही केल्या तिला त्यांना उठवता येईना. पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिचीही हयात गेलेली. हातात जोर होता तो शिक्के मारण्यापुरता. शेवटी तीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसून राहिली, दूधवाला दार ठोठावेपर्यंत. हाड मोडलं नव्हतं, पण अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या मांड्या पार वाळून गेल्या. मग मुलांनी तोडगा काढला. बाबा मुलाकडे, आई मुलीकडे. दोघांच्याही घरात एकाच माणसाची सोय होती आणि दोन गावांमध्ये रात्रभराचा प्रवास. भांडीकुंडी वाटून घ्यावीत तसं त्यांनी आईबापांना वाटून घेतलं. मायेनेच घेतलं, म्हणून तर तिला जास्त राग आला.

"सहा महिने द्या," ती म्हणाली होती. "यांना एकटीने उचलून दाखवीन. नाही जमलं तर माझी बॅग तुम्ही भरा."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "म्हातारपण आधी पायांत शिरतं, आजी. मांडीतलं मांस टिकलं तर माणूस टिकतो. आणि ते या वयातही कमावता येतं." तिने ते मनावर घेतलं. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. वाळू भरलेली पिशवी जमिनीवरून उचलायची. रोज अंडी खायची. "या वयात काय पहिलवान व्हायचंय?" असं शेजारणीने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, हो, व्हायचंय. घड्याळजी समोर बसून आकडे मोजायचे आणि सोबत म्हणून अंडी तेही खायचे. ती बाजारातून परत आली की वाळूची पिशवी कधी या कोपऱ्यात, तर कधी त्या कोपऱ्यात सापडायची. त्यावरून ती कामवालीवर डाफरायची.

आता ती त्यांच्याजवळ गुडघा टेकून बसली. त्यांना कुशीवर वळवलं, बसतं केलं आणि मागून काखेत हात घातले. पाठ ताठ ठेवून सगळा भार मांड्यांवर घेतला. बाई गं, केवढे जड झालेत हे! अंडी बरीच अंगी लागलेली दिसत होती. तिच्या मांड्या थरथरल्या, कपाळाची शीर तटतटली. मुलगा पुढे सरसावला. तिने डोळे वटारले तसा जागच्या जागी थांबला. आणि ती उठली. नवऱ्याला घेऊन उठली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि कमरेवर हात ठेवून दोन्ही पोरांकडे बघत राहिली.

"आई, मानलं तुला!" मुलगा म्हणाला.

मुलगी मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आज उचललंस, आई. पण उद्या तूच पडलीस तर? तुला कोण उचलणार?"

इतके महिने तिने एकच पडणं डोळ्यांसमोर धरलं होतं, त्यांचं. स्वतःच्या पडण्याचा विचारच केला नव्हता. लेक वाकडं बोलत नव्हती, खरं बोलत होती, आणि खऱ्याशी भांडणार कसं? एवढ्या कष्टाने कमावलेली पायांतली ताकद त्या एका वाक्याने गेली. ती मटकन खाली बसली, त्याच फरशीवर. दोन्ही मुलं धावली.

"कोणी हात लावायचा नाही!"

घड्याळजी बोलले होते. एवढा आवाज त्यांनी गिऱ्हाइकावरही कधी चढवला नव्हता. त्यांनी दोन्ही हात छातीशी बांधले आणि ते खुर्चीतून सरळ उठले. काठी भिंतीशीच राहिली. बायकोच्या मागे जाऊन त्यांनी गुडघा टेकला, काखेत हात घातले, पाठ ताठ ठेवली, अगदी तिच्यासारखी. ती बाजारात गेली की वाळूची पिशवी कोण हलवत होतं, ते तिला तेव्हा कळलं. बिचारी कामवाली! मग घड्याळजींनी दीर्घ श्वास घेतला, जोर लावला, आणि ती उभी होती.

"अहो!" एवढंच ती म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

त्यांनी तिचा हात सोडला नाही. आधी धाप आवरली, चष्मा चढवला आणि मग लेकीकडे पाहिलं.

"पडू की आम्ही," ते म्हणाले. "पण पाळीपाळीने पडू."