आठवी बरणी

"सात बरण्या संशयाच्या जागेच्या मातीच्या घे, संगिता. पण आठवी अशा ठिकाणची घे, जिथे कारखान्याचं वारंसुद्धा पोचलेलं नाही. तिच्याशीच बाकीच्या ताडून बघायच्या." प्रयोगशाळेतल्या शैलेश सरांचं हे सांगणं मनात घोळवत संगिताने रानशेतच्या माळावर गिरमिट रोवलं.

कारखान्याची, शिसं भाजून शेंदरी-लाल रंग बनवणारी शेड कधीच बंद पडली होती. पण रंगातलं शिसं जमिनीत उतरलं असेल, या भीतीने खालच्या अंगाची विहीर दोन वर्षं झाकून ठेवलेली. पाड्यातल्या बाया ओढ्यापलीकडून पाणी आणत.

वरचा थर खरवडायचा, हातभर खालची माती काढायची, बरणीला चिठ्ठी लावायची, गिरमिट धुवायचं, मग पुढचं भोक. म्हातारी भिकी काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"टोपावानी घासते गो," ती म्हणाली. "सून केली असती तुला."

"आधी चहा तरी पाजा, आजी."

"तुला पाजते. मी नाय पीत. विहीर उघडेपर्यंत सोडलाय."

"एवढाच नवस?"

"अजून एक हाय. देवाशी बोललेलं सांगत नाय."

सात बरण्या भरल्या, विहिरीच्या पाण्याची बाटलीही भरली. "आता सगळ्यात चोख जागा दाखवा," संगिता म्हणाली.

भिकीने विचारसुद्धा केला नाही. "वाघोबाची. तिथं आमी चपलाबी नेत नाय."

ती जागा वर, सागांच्या पलीकडे होती. संगिताने चपला काढल्या, हात जोडले आणि देवाच्या पायथ्याशी गिरमिट फिरवलं.

पंधरा दिवसांनी ती कागद नाचवतच आली. "आजी, सातही बरण्या चांगल्या! पाणीसुद्धा पास. आजच झाकण काढा!"

बाया हंडे बडवू लागल्या. पहिलं पाणी चुलीवर चढलं. भिकीने दोन कप चहा उभ्याउभ्याच संपवला, तिसरा मागितला.

"एकच कोडं आहे," संगिता तिच्या कानाशी लागली. "आठव्या बरणीत शिसं निघालंय. शेडच्या मातीच्या वीसपट. तिथे रंग पोचला कसा?"

भिकीचे डोळे भरून आले. "आमच्यावरचं त्यानं आपल्या अंगावर घेतलं, बाय."

कप पालथा घालून ती उठली. बोललेलं फेडायचं होतं. गलबल्यातून कुणाला न सांगता ती सागांच्या वाटेला लागली. आजवर दर सणाला आजे-पणजे देवाला पुडीपुडीने फासत आले, तोच शेंदूर तिच्या काखेतल्या पिशवीत होता. या खेपेला चांगला पाच किलो.