दोराचे हिसके

नांगर टाकलेल्या होड्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. कॅरिअकू बेटाच्या खाडीत भर दुपारी सगळ्या तशाच उभ्या होत्या. आमची तेवढी उलटी, उघड्या समुद्राकडे तोंड केलेली, दोर ताणलेला.

"होडीपण तुमच्यासारखीच हट्टी, वहिनी," माझा दीर कथबर्ट म्हणाला. सहा वर्षं हेच म्हणून हसतो मेला, पण इथे नांगर टाकला की दोराला हात लावत नाही.

सहा वर्षांपूर्वी इथेच आमचा नांगर खडकात अडकला. तो सोडवायला माझा नवरा लिनफर्ड दोर धरून खाली उतरला. आमची खूण ठरलेली होती: एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. एक हिसका आला. मी थांबले, थांबतच राहिले. मग वादळ चढलं आणि कथबर्टने दोर कापला.

तेव्हापासून दर खेपेला नव्या नांगराचा दोर मी हातात धरून बसते. दर खेपेला एकच हिसका येतो. "बरं, थांबते," म्हणते, आणि घरी जाऊन लिनफर्डच्या वाटणीचं कूकू, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि मासा ताटाखाली झाकून ठेवते.

आज हिसका आला. "बरं..." म्हणाले, तोच दुसरा आला.

कथबर्टचं हसू मावळलं. "वहिनी, सोडा तो दोर!"

मी पाय रोवून ओढू लागले. समुद्रातून वर येणारा तो ओला दोर हाताला कोमट लागत होता, आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा.