कोरी पापणी

डॉक्टरीणबाईंनी फोटो टेबलावर ओळीने मांडले. एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग बाळाकडे पाहिलं, आणि परत फोटोकडे.

"यांत डाग कुठाय?"

सुनेने मान पुढे केली. फोटो तिच्याच मुलीचे. पाळण्यातला, आजीच्या मांडीवरचा, पालथी पडली त्या दिवसाचा. सगळ्यांत डावी पापणी कोऱ्या कागदासारखी. आणि तिच्या कुशीतल्या बाळाच्या त्याच पापणीवर बोराएवढा, लालभडक, फुगलेला डाग.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या तोंडावरचे मस, वांग, देवीचे व्रण बारीक ब्रशाने झाकण्यात त्यांची हयात गेली होती. गिऱ्हाईक मागो न मागो, डाग असलेला फोटो त्यांच्या दुकानातून बाहेर पडत नसे.

"बाबा, तुम्ही पुसलात?"

"फोटो जन्माचा असतो," सासरे म्हणाले. "पोरीची जात. उद्या चार लोक बघणार."

"बरोबरच आहे त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या तोंडाला डाग नाही. घरात भिंतीवरचे फोटो बघ हवं तर. तूच पोटुशी असताना काहीतरी नको ते खाल्लं असशील."

"सात पिढ्या बाबांनीच धुऊन काढल्यात, आई!"

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "खाण्याचा इथे काही संबंध नाही. कुणाचाच दोष नाही. हे रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं आहे. जन्मताना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं. मग काही महिने वाढतं, थांबतं, आणि हळूहळू आपोआप ओसरतं. गालावर असता तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. पण हा पापणीवर आहे. वाढून डोळा झाकला, तर तो डोळा बघायला शिकणारच नाही. थांबला असेल तर नुसतं लक्ष ठेवू. वाढत असेल तर आजच दाखल करून औषध सुरू करायचं. औषध साधं नाही, हृदयावर नजर ठेवून द्यावं लागतं. उगाच देणार नाही. म्हणून तर फोटो मागितले."

"वाढतोय," सून म्हणाली. "मी घसा कोरडा करून सांगतेय. रोज अंघोळ मी घालते. माझ्या अंगठ्याखाली मावायचा तो आता मावत नाही. तर घरात सगळे म्हणतात, भास होतोय. हे फोटो माझ्या नाकासमोर नाचवले यांनी. बघ म्हणे, आहे का कुठे काही? आत्ताच काहीतरी चावलं असेल म्हणे. गिऱ्हाइकांचे ठीक, पण नातीचेही फोटो रंगवले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मलाच वेड लागलं असं वाटायला लागलं!"

"हळू बोल. दवाखाना आहे," सासूबाई पुटपुटल्या.

"का हळू? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहिलं का?"

बाळाने आवाजाच्या दिशेने पाहिलं. उजवा डोळा टक्क उघडला. डावा अर्ध्यावरच अडला.

डॉक्टरीणबाई सासऱ्यांकडे वळल्या. "आजोबा, मूळ फोटो आहेत?"

"नाहीत. निगेटिव्हही ठेवल्या नाहीत. रंग फोटोंवरच चढवला."

"मग प्रत्येक वेळी डाग केवढा होता, आठवतं का? तुमच्याशिवाय आता कोणी सांगू शकणार नाही."

सासरे टेबलाशी सरकले. मग पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "इथे ब्रशाचं टोक टेकवलं. झालं." बोट पुढे सरकलं. "मांडीवरच्या फोटोत पापणीचा कोपरा रंगवावा लागला." तिसऱ्या फोटोशी बोट थांबलं. "ही अख्खी पापणीच नव्याने काढलीय. केससुद्धा माझ्या हातचे आहेत."

"म्हणजे वाढतोय. आणि जोरात." डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली. "हिला आत्ता दाखल करून घ्या."

सासूबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

सून बाळाला घेऊन उठली. फोटो तिने उचलले नाहीत. दारात मात्र ती वळली.

"म्हणजे हा भास घरात दोघांना होत होता, बाबा."