परवानगीचा धडा

ही गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दुपारी तिच्या इंग्रजी क्लासच्या बाईंचा फोन आला. “काकू आल्या नाहीत? आज परवानगी कशी मागायची तो धडा आहे. कधीच्या मागे लागल्या होत्या.”

ही आणि परवानगी? जन्मभर मला “उठा, जेवा, झोपा आता” करत आली!

सगळं आटोपल्यावर न राहवून मी क्लासात गेलो. “बाई, तिला तोच धडा कशाला हवा होता हो?”

“तुमच्या परदेशी सूनबाईंना फोनवर घरी बोलावताना त्या ‘कम, सिट, ईट’ म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या, पण सूनबाईंना वाटलं, सासू हुकूम सोडते. तेव्हापासून अबोला. म्हणून काकू आधीच एक वाक्य घोकत होत्या, ‘मे आय कम अँड सी यू?’”

घरी आलो. मुलाबरोबर आलेली सून स्वयंपाकघरात होती. मला पाहून तिनं ताट मांडलं आणि अडखळत म्हणाली, “बाबा, बसा. जेवा.”

मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “महिनाभर शिकतेय. आपल्याकडे माया अशीच करतात, हे तिला उशिरा कळलं. आईला म्हणून दाखवायचं होतं तिला.”

मी बसलो आणि जेवलो.

हिचं वाक्य मला आता पाठ झालंय. सुनेला ते अजून सांगायचं राहिलंय.