डाव्या बाजूचा आवाज

सिग्नल हिरवा झाला, तशी विश्वनाथरावांनी गाडी पुढे काढली; डावीकडे शेजारी त्यांची बायको वृंदा बसली होती. थांबताना ब्रेक पुन्हा किंचाळला होता.

मधुमेहाने उजव्या पावलाची जाणीव विझत आली, तरी विश्वनाथरावांचा गाडी चालवण्याचा हट्ट विझला नव्हता. त्या हट्टापायीच त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलने विकायला काढलेली ही जुनी गाडी घेतली होती. मेकॅनिकने ती दोनदा एकट्याने फिरवून पाहिली आणि विचारले, "आवाज़ कहाँ है, साहब?"

"आपण दोघं असलो की मात्र रडते," दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरसमोर गाडी लावताना ते कुरकुरले.

"माझं वजन सोसत नसेल तिला," म्हणत वृंदा उतरली.

ते मात्र अस्वस्थपणे डाव्या सीटसमोर वाकले. शिकवणाऱ्यासाठी बसवलेला, विकणाऱ्याने 'निकामी केलाय' म्हणून सांगितलेला दुसरा ब्रेक तिथे शाबूत होता. त्यांनी तो हाताने दाबला. तोच आवाज आला, आणि पलीकडे त्यांच्या बाजूचे पेडलही मुकाट खाली गेले.



"वृंदा, मी स्वतः शेवटचा ब्रेक कधी लावला होता गं?"

भाजीची पिशवी सावरत, मागे न पाहता, ती जिना चढू लागली.